देणाऱ्याने दात मोजावेत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दिवाळी जवळ आली की शाळांच्या, बँकांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर एक आवाहन हमखास दिसू लागते. जुने कपडे द्या, फराळ द्या, पुस्तके द्या, खेळणी द्या. या यादीत हल्ली खेळाच्या साहित्याचीही भर पडलेली दिसते. त्यामागचे कारण घरोघरचे आहे. मुलगा उंच होतो आणि बॅट लहान पडते. मुलगी कॉलेजात जाते आणि तिची रॅकेट माळ्यावर जाते. साफसफाईत या वस्तू खाली येतात. टाकून द्यायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नसते. अशा वेळी त्या एखाद्या गरजू मुलाच्या हाती पडाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि चांगलेही आहे.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. गाईचे वय दातांवरून कळते. पण फुकट मिळालेल्या गाईचे वय काय विचारायचे, असा तिचा अर्थ. घेणाऱ्याला दिलेला हा उपदेश आहे. देणाऱ्याने काय करावे, याविषयी म्हण काहीच बोलत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याने गाय द्यायची त्याने तरी दात मोजून द्यावी. सणाच्या निमित्ताने गरीब मुलांना खेळाचे साहित्य देण्याचा जो प्रघात जगभर आहे, त्याचा इतिहास पाहिला तर अनेक संस्था अनुभवाने याच निष्कर्षाला आलेल्या दिसतात.

या प्रघाताचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सुसंघटित रूप अमेरिकेत पाहायला मिळते, आणि तेही नाताळात. १९४७ सालची गोष्ट आहे. लॉस एंजेलिसमध्ये डायेन हेंड्रिक्स नावाच्या गृहिणीने हाताने एक कापडी बाहुली शिवली आणि ती गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला नेऊन द्यावी, असे नवऱ्याला सांगितले. नवरा बिल हेंड्रिक्स हे मरीन दलाच्या राखीव तुकडीत मेजर होते. त्यांना अशी संस्था सापडली नाही. तेव्हा पत्नीने सुचवले की, मग तुम्हीच सुरू करा. त्या नाताळात हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजार खेळणी गोळा करून वाटली. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, हा उपक्रम देशभर गेला. 'टॉइज फॉर टॉट्स', म्हणजे चिमुकल्यांसाठी खेळणी, हे त्याचे नाव. खेळण्यातल्या आगगाडीचे त्याचे बोधचिन्ह खुद्द वॉल्ट डिस्ने यांनी काढून दिले होते.

सुरुवातीची बत्तीसेक वर्षे या उपक्रमात नवी आणि जुनी, दोन्ही प्रकारची खेळणी घेतली जात. सुट्टीच्या दिवशी सरावासाठी जमणारे राखीव सैनिक मोडकी खेळणी दुरुस्त करीत, रंगवीत आणि मग ती वाटली जात. चित्र मोठे हृद्य आहे. तरीही १९८० पासून मरीन दलाने फक्त नवी खेळणी घ्यायचे ठरवले. त्याची त्यांनी दिलेली कारणे तीन आहेत. पहिले असे की, सैनिकांचा सरावाचा वेळ आता सरावालाच लागणार होता. दुसरे कायद्याचे होते. वापरलेल्या खेळण्याने मुलाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न होता. तिसरे कारण विचार करायला लावणारे आहे. आम्ही मुलांना जो संदेश देऊ इच्छितो, तो उतरलेल्या वस्तू देऊन पोचत नाही, असे त्यांनी म्हटले. 'तू आम्हाला महत्त्वाचा वाटतोस' असे मुलाला सांगायचे आणि हातात दुसऱ्याने टाकलेली वस्तू ठेवायची, यातली विसंगती त्यांना बत्तीस वर्षांच्या अनुभवाने जाणवली.

या उपक्रमाची आणखी एक अट आपल्याला विचित्र वाटेल. खेळणे नवे हवे, पण ते भेटीच्या कागदात गुंडाळलेले नको. आत काय आहे हे कळल्याशिवाय ते कोणत्या वयाच्या मुलाला द्यायचे हे ठरवता येत नाही, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान. शिवाय कागदात गुंडाळण्याचे काम मुलाच्या आईवडिलांसाठी राहते. मुलाला भेट मिळते ती आईवडिलांच्या हातून. देणारा पडद्याआड राहतो. गरीब घरातल्या बापाची मुलासमोरची पत राखली जाते, हा या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा गुण मला वाटतो.

साल्व्हेशन आर्मी, म्हणजे जिला आपल्याकडे मुक्तिफौज म्हणतात आणि नगरचे ईव्हॅन्जलीन बूथ रुग्णालय जिचे आहे, त्या संस्थेने १९७९ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी चार्ल्स आणि शर्ली व्हाइट या दांपत्याने एका बाजारसंकुलात नाताळचे झाड उभे केले. त्यावर देवदूतांची चित्रे असलेली शुभेच्छापत्रे टांगली. प्रत्येक पत्रावर एका गरजू मुलाला काय हवे ते लिहिलेले होते. खरेदीला आलेल्या माणसाने एक पत्र काढायचे आणि त्यावर लिहिलेली वस्तू आणून द्यायची. पहिल्याच वर्षी सातशेहून अधिक मुलांना या मार्गाने भेटी मिळाल्या. 'एंजल ट्री' म्हणून हा प्रकार पुढे अमेरिकाभर रुजला. यात नवे होते ते इतकेच की, देण्याआधी विचारले गेले. फुटबॉल मागणाऱ्याला फुटबॉल मिळाला आणि बूट मागणाऱ्याला त्याच्या मापाचे बूट मिळाले.

न विचारता दिलेल्या भेटीचे काय होते, याचा हिशेब एका अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी येल विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना विचारले की, नाताळात मिळालेल्या वस्तूंची किंमत काय असावी आणि त्या तुम्हाला स्वतः घ्याव्या लागल्या असत्या तर तुम्ही किती पैसे मोजले असते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंत भाग असाच वाया जातो. शंभर रुपयांची वस्तू घेणाऱ्याच्या लेखी सदुसष्ट ते नव्वद रुपयांची ठरते. देणारा नात्याने जितका दूरचा, तितकी ही घट जास्त, असेही त्यांना आढळले. आता हे विद्यार्थी खात्यापित्या घरचे होते आणि देणारे त्यांचे काका, मामा, आजी-आजोबा होते. वस्तीतल्या मुलाला बॅट देणारा माणूस तर त्याला कधी भेटलेलाही नसतो. त्याची भेट चुकण्याची शक्यता किती जास्त असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

इथे एक आक्षेप कोणीही घेईल. ज्या मुलांना दोन वेळचे जेवण नीट मिळत नाही, त्यांना चेंडू आणि बॅट कसली देता? आधी पोटोबा, मग विठोबा. हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. तो एका प्रसिद्ध खेळाडूलाही ऐकावा लागला होता.

नॉर्वेचा योहान ओलाव्ह कॉस हा बर्फावरच्या स्केटिंगमधला खेळाडू. १९९४ साली त्याच्याच देशात, लिलेहामर येथे हिवाळी ऑलिंपिक झाले आणि त्यात त्याने तीन सुवर्णपदके मिळवली, तिन्ही शर्यतींत जागतिक विक्रम करून. त्या स्पर्धेच्या काही काळ आधी तो 'ऑलिंपिक एड' या मदतकार्याचा दूत म्हणून आफ्रिकेतल्या इरिट्रियाला गेला होता. तीस वर्षांच्या युद्धानंतर हा देश १९९३ मध्ये नुकताच स्वतंत्र झाला होता. तिथे त्याने काही मुले खेळताना पाहिली. त्यांतला एक मुलगा इतरांचा विशेष लाडका दिसत होता. कारण विचारल्यावर कळले की, त्याच्या शर्टाला लांब बाह्या होत्या. शर्ट काढून, गुंडाळून, त्या बाह्यांनी गाठ मारली की त्याचा फुटबॉल होई. बाकीच्यांच्या शर्टांचा होत नसे. परत येताना खरा फुटबॉल आणीन, असे कॉसने त्या मुलांना कबूल केले.

लिलेहामरला पदके मिळाल्यावर त्याने आपल्या बक्षिसाच्या रकमेतला मोठा वाटा या कार्याला दिला आणि देशवासीयांनाही देण्याचे आवाहन केले. नॉर्वेतल्या मुलांनी आपले क्रीडासाहित्य दिले. ते विमानभर साहित्य घेऊन तो १९९५ मध्ये इरिट्रियाला निघाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीका केली. भुकेल्या देशात चेंडू घेऊन जाणाऱ्याला काय म्हणावे, असा त्यांचा सूर होता. कॉसलाही ते लागले. तिथे पोचल्यावर त्याने राष्ट्राध्यक्षांची क्षमा मागितली. त्यावर राष्ट्राध्यक्ष जे म्हणाले ते कॉसने पुढे अनेकदा सांगितले आहे. आम्हाला मिळालेली ही सर्वांत मोठी भेट आहे, आजवर आम्हाला केवळ जिवंत ठेवण्यापुरते देत आले, आज प्रथमच कोणी माणूस म्हणून आमच्याकडे पाहिले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पोट आणि खेळ यांच्यात निवड करायची वेळ आली तर पोट आधी, याविषयी वाद नाही. मात्र गरीब मुलाला फक्त पोट असते असे समजणे, हाही एक प्रकारचा अपमानच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांची जी संहिता स्वीकारली, तिच्या ३१ व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलांचे हक्क म्हणून नोंदवलेले आहेत. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केली. म्हणजे वस्तीतल्या मुलाच्या हाती चेंडू पडणे हा उपकाराचा विषय नसून हक्काचा आहे, असे आपल्या देशाने लेखी कबूल केलेले आहे.

चेंडू द्यावा हे ठरले. आता चेंडूचे पुढे काय होते ते पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. चांगल्या फुटबॉलच्या आत रबराचा ब्लॅडर असतो. त्यात हवा भरायला पंप लागतो आणि पंपाला बारीक पिन लागते. शहरातल्या हिरवळीवर हा चेंडू दोन-तीन वर्षे टिकेल. आपल्या गावाकडचे मैदान म्हणजे मुरूम, खडे आणि बाभळीचे काटे. तिथे एक काटा बारीक भोक पाडतो आणि चेंडू बसतो. पंक्चर काढणारा सायकलवाला ब्लॅडरला हात लावत नाही, कारण तो शिवणीच्या आत असतो. काटा नसला तरी हवा हळूहळू कमी होतेच. चार-दोनशे रुपयांच्या पंपाअभावी हजार रुपयांचा चेंडू कपाटात पडलेला अनेक शाळांत सापडेल.

या अडचणीवर एका माणसाने फार विचारपूर्वक उपाय शोधला. अमेरिकेतल्या टिम जानिगन यांनी सुदानमधल्या दारफुरच्या निर्वासित मुलांची चित्रफीत पाहिली होती. ती मुले कचरा बांधून केलेल्या चेंडूने खेळत होती. खरे फुटबॉल पाठवले तरी तिथल्या जमिनीवर ते टिकणार नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी फेसासारख्या एका हलक्या पण चिवट पदार्थाचा फुटबॉल तयार केला. पावसाळी क्रॉक्स चपला ज्या जातीच्या पदार्थाच्या असतात, त्याच जातीचा हा पदार्थ. या चेंडूत हवा भरावीच लागत नाही, काटा घुसला तरी तो बसत नाही. सुरुवातीच्या प्रयोगांचा खर्च गायक स्टिंग यांनी उचलला आणि त्यांच्याच एका गाण्यावरून चेंडूला 'वन वर्ल्ड फुटबॉल' हे नाव पडले. २०१० मध्ये तो बाहेर आला. २०१२ मध्ये शेवरोलेट या मोटार कंपनीने असे पंधरा लाख चेंडू वाटण्यासाठी पुरस्कृत करण्याचे जाहीर केले. स्पर्धेतल्या चेंडूसारखा त्याचा स्पर्श नाही, हे खरे. पण दात मोजून गाय देणे म्हणजे काय, याचे इतके चोख उदाहरण दुसरे मिळणे कठीण. ज्या जमिनीवर चेंडू पडणार, त्या जमिनीचा विचार आधी झाला.

चेंडूविषयी बोलताना एक कडू गोष्टही सांगायला हवी. जगातल्या हाताने शिवलेल्या फुटबॉलांपैकी फार मोठा वाटा पाकिस्तानातल्या सियालकोटचा. आपल्याकडे हा धंदा जालंधर आणि मेरठला आहे. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलात बत्तीस तुकडे असतात, वीस षटकोनी आणि बारा पंचकोनी. ते सुईदोऱ्याने एकमेकांना जोडायचे काम घरोघरी दिले जाई आणि त्यात लहान मुलेही बसत. १९९६ मध्ये 'लाइफ' या अमेरिकी मासिकात चेंडू शिवणाऱ्या मुलाचे छायाचित्र आले आणि जगभर खळबळ उडाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये सियालकोटचे उत्पादक, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात अटलांटा येथे करार झाला. शिवणकाम घरांतून काढून नोंदणी झालेल्या केंद्रांत न्यायचे आणि तिथे देखरेख ठेवायची, असे ठरले. जालंधरच्या निर्यातदारांनीही पुढे देखरेखीची व्यवस्था केली. त्यात घरी बसून शिवणाऱ्या काही बायकांचे काम सुटले, ही त्या सुधारणेची दुसरी बाजू. एका गरीब मुलाच्या बोटांनी शिवलेला चेंडू दुसऱ्या गरीब मुलाला भेट म्हणून द्यायचा, याहून मोठी विटंबना कोणती? म्हणून साहित्य घाऊक घेणाऱ्या मंडळांनी आणि कंपन्यांनी दुकानदाराला एक प्रश्न विचारायला हरकत नाही : हा माल कुठला, आणि तिथे मुले कामाला नाहीत ना?

आता कॉसकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट अर्धीच सांगून झाली आहे. साहित्य पाठवण्याने भागत नाही, हे पुढच्या काळात त्याच्या लक्षात आले. चेंडू दिला तर तो कोणाकडे राहणार? दांडग्या मुलाकडे. कोण खेळणार? मोठी मुले. मुली कुठे? कडेला उभ्या. चेंडू फाटल्यावर काय? पुन्हा काही नाही. तेव्हा निधी आणि साहित्य पुरवणाऱ्या 'ऑलिंपिक एड'चे रूपांतर त्याने प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेत केले. स्थानिक तरुणांना आणि शिक्षकांना खेळ घेण्याचे शिक्षण देणे हे तिचे मुख्य काम झाले. २००३ पासून ती 'राइट टू प्ले', म्हणजे खेळण्याचा हक्क, या नावाने ओळखली जाते. विमानभर साहित्य नेणारा माणूस शेवटी माणसे तयार करण्याकडे वळला.

याच वाटेने आपल्या नागपुरातले एक शिक्षक आधीच निघाले होते, आणि तेही कोणत्याही विमानाशिवाय. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतली मुले तुटकी बादली लाथाडत फुटबॉल खेळताना पाहिली. बादलीच्या जागी चेंडू देऊन ते घरी गेले असते, तर ते एक चांगले दान झाले असते आणि तेवढ्यावर संपले असते. बारसे यांना वेगळेच जाणवले. मुले मैदानात असतात तोवर ती वाईट सवयींपासून लांब असतात, तेव्हा ती रोज मैदानात येतील असे काहीतरी हवे. त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. सामने भरवले, संघ बांधले, प्रशिक्षक घडवले. 'स्लम सॉकर' या नावाने हे काम नागपूरबाहेर पसरले. इथली मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोचली आणि २०१६ मध्ये फिफाने या संस्थेला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा २०२२ मधला 'झुंड' हा चित्रपट याच कामावर बेतलेला आहे. त्यात अमिताभ बच्चन यांनी केलेली भूमिका अनेकांनी पाहिली असेल. मला त्यातून घ्यावीशी वाटणारी गोष्ट साधी आहे. मुलांपाशी चेंडू नव्हता तेव्हा बादली होती, इरिट्रियात शर्ट होता, दारफुरमध्ये कचऱ्याचा गोळा होता. चेंडू मुले कशातूनही उभा करतात. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर येणारे मोठे माणूस त्यांना उभे करता येत नाही.

याचा अर्थ साहित्य देऊ नये असा कोणी घेऊ नये. माणूस हजर असेल तिथे साहित्याची किंमत दहापटीने वाढते. म्हणून या दिवाळीत ज्यांना द्यायचे आहे, त्यांनी आधी तो माणूस शोधावा. जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाची आवड असलेले एखादे गुरुजी किंवा बाई असतात. वस्तीत मुलांना संध्याकाळी कबड्डी शिकवणारा एखादा पोरगा असतो. आश्रमशाळेत अधीक्षक असतात. त्यांना विचारावे : तुमच्याकडे मुले किती, मुली किती, वये काय, जागा कशी आहे, सध्या काय खेळता, काय कमी पडते? उत्तर अनेकदा अनपेक्षित असते. बॅट नको, चुन्याची पोती द्या, म्हणजे मैदान आखता येईल, असेही एखादे गुरुजी म्हणतील. तर चुनाच द्यावा.

सरकारी शाळांच्या बाबतीत आणखी एक चौकशी करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि क्रीडासाहित्य ही शाळेची आवश्यक गोष्ट म्हणून नमूद आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद करण्यात आली. प्राथमिक शाळेला पाच हजार, उच्च प्राथमिक शाळेला दहा हजार आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेला पंचवीस हजार रुपयांपर्यंत. ही रक्कम शाळेला मिळाली का आणि तिचे काय घेतले, हे मुख्याध्यापकांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीला आपुलकीने विचारता येते. जे हक्काने येते त्याची जागा आपल्या दानाने भरून काढू नये. त्यातून जे राहते तिथे आपण हात लावावा. मैदान सपाट करणे, जाळी बसवणे, शिकवणाऱ्या पोराला महिन्याचे काही मानधन देणे, अशी ती कामे असतात.

वस्तूंचे म्हणाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. खेळायचा फुटबॉल मुख्यतः तीन मापांत येतो. साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना तीन नंबरचा, आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा आणि त्याहून मोठ्यांना पाच नंबरचा. आठ वर्षांच्या मुलाला पाच नंबरचा जड चेंडू दिला तर पाय दुखतो आणि खेळ सुटतो. प्रत्येक चेंडूच्या जोडीला नाही, तरी प्रत्येक शाळेमागे एक पंप आणि दोन-चार पिना द्याव्यात. क्रिकेटचा टणक सीझन बॉल पॅड, ग्लोव्हज आणि हेल्मेट यांच्याशिवाय देऊ नये. टेनिसचा किंवा रबरी चेंडू बरा. बॅडमिंटनची पिसांची फुले उघड्या मैदानात वाऱ्याने भरकटतात आणि दोन दिवसांत झडतात. तिथे प्लास्टिकची फुले हवीत. रॅकेट द्यायची तर गटिंग करून द्यावी. तुटक्या तारांची रॅकेट देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी ठेवणे. भेगा गेलेले हेल्मेट तर कोणालाच देऊ नये, कारण ते असल्याचा भरवसा ते नसण्याहून घातक असतो. वापरलेली वस्तू देण्यात कमीपणा नाही. आपल्या भाच्याला आपण ती आहे त्या स्थितीत दिली असती का, एवढे स्वतःला विचारावे.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. सरसकट 'मुलांसाठी' म्हणून आलेले साहित्य बहुतेक ठिकाणी मुलगे उचलतात आणि मैदानही त्यांचेच होते. मुलींना खेळायला लावायचे तर बूट, ट्रॅक पँट आणि नीट बसणारे आतले कपडे हे चेंडूइतकेच क्रीडासाहित्य आहे, हे आपण मोकळेपणाने मानले पाहिजे. दोरउड्यांच्या दोऱ्या, रिंग, थ्रोबॉलची जाळी या स्वस्त वस्तू आहेत आणि थोड्या जागेत पुष्कळ मुलींना खेळवतात. मुलींसाठी मैदानाची ठरावीक वेळ राखून देईल, अशा शाळेला प्राधान्य द्यावे.

उरला प्रश्न समारंभाचा. मंच, हार, फलक आणि मुलांना रांगेत उभे करून काढलेले छायाचित्र. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपण कोणाकडून आणि का घेत आहोत हे पुरते कळत असते. उद्या तेच छायाचित्र वर्गातला दुसरा मुलगा त्याला दाखवणार असतो. अमेरिकेतले मरीन सैनिक खेळणे आईवडिलांच्या हाती देऊन बाजूला होतात, हे आपण पाहिले. आपणही साहित्य शाळेच्या हाती द्यावे आणि तिथल्या शिक्षकांनी ते खेळाच्या तासाला बाहेर काढावे. मुलांना कळेल ते इतकेच की, आपल्या शाळेत नवा फुटबॉल आला. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे आपले वाडवडील म्हणत. ते घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणूनच.

सणाचे दान एका दिवसात होते आणि खेळ वर्षभर चालतो, हा या सगळ्यातला मूळ तिढा आहे. तो सोडवायला फार मोठा खर्च लागत नाही. दिवाळीत जेवढे द्यायचे तेवढ्याचे तीन भाग करावेत. एक भाग आता द्यावा. दुसरा संक्रांतीच्या सुमारास, क्रीडास्पर्धांच्या दिवसांत द्यावा. तिसरा जूनमध्ये शाळा उघडताना द्यावा. तोवर पहिले चेंडू फाटलेले असतील, आणि ते फाटलेले पाहून आनंद वाटावा. कपाटात नवा कोरा राहिलेला चेंडू आपले दान चुकल्याचे सांगतो. झिजून, शिवण उसवून, रंग उडून परत आलेला चेंडू सांगतो की मुले खेळली. पुन्हा देताना त्या गुरुजींना एवढेच विचारावे, मागचे फाटले का?